समोरच्यांच्या आधीचा रविवार

समोरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या माणसावर मी सहा वर्षं जळलो. आता वय झालंय, गुडघे कुरकुरतात, त्यामुळे कबूल करायला लाज वाटत नाही. त्यांचा हुद्दा माझ्यापेक्षा मोठा होता म्हणून नाही, त्यांच्या अंगणात गुलाब फुलायचे आणि माझ्या अंगणात नुसती गाजरगवताची शेती होती म्हणूनही नाही. माझी मुलगी त्यांच्या घरी जास्त रमायची म्हणून. एवढंच. एवढंच म्हणतोय खरा, पण त्या एवढ्याशा गोष्टीनं माझ्या जिवाचा नुसता जळफळाट व्हायचा.

भोपाळला आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये सगळी क्वार्टर्स समोरासमोर. मधे जेमतेम दहा पावलांचा रस्ता. आमच्या घरात काय शिजतंय ते त्यांना कळायचं आणि त्यांच्याकडे कोण खदाखदा हसतंय ते मला. आणि हसत असायची ती माझीच पोरगी.

मी क्रेन चालवायचो. शॉपच्या, म्हणजे कारखान्याच्या भल्या मोठ्या शेडच्या, छताला लागून रुळांवरून फिरते ती मोठी क्रेन. वर केबिनमध्ये बसून खालच्या खलाशाच्या, म्हणजे माल बांधणाऱ्या गड्याच्या, हाताच्या खुणा बघायच्या आणि हत्तीच्या वजनाचा माल अलगद उचलून बरोब्बर जागेवर ठेवायचा. चार बोटं इकडची तिकडे झाली तर खालच्या माणसाचा चेंदामेंदा. असलं काम मी बावीस वर्षं केलं आणि एकाच्याही केसाला धक्का लागू दिला नाही. पण ते घरी कसं दाखवणार? कारखान्याच्या गेटच्या आत पोरांना सोडत नाहीत. माझ्या मुलीच्या लेखी बाबा म्हणजे डबा घेऊन जाणारा आणि परत येऊन झोपणारा माणूस.

झोपणारा. हे फार खरं होतं. माझी पाळी दर आठवड्याला बदलायची. नाइट असली की मी सकाळी येऊन दुपारपर्यंत झोपायचो. सेकंड शिफ्ट असली की ती शाळेतून यायची तेव्हा मी सायकलींच्या गर्दीत गेटकडे निघालेलो. फर्स्ट असली की पहाटे उठल्यामुळे दुपारी डोळा लागायचा, तो नेमका तिच्या खेळायच्या वेळेला. शिफ्टवाल्यांची पोरं तुम्ही बघायला हवीत. चालायला शिकतात तीच मुळी चवड्यांवर. खुर्ची ओढत नाहीत, उचलून ठेवतात. कडी लावताना तिच्याखाली दुसरा हात धरतात. माझी मुलगीही तशीच तयार झाली होती. "हळू गं, बाबा झोपलेत" हे वाक्य तिनं "आई"च्याही आधी ऐकलं असेल.

मग आवाज करायला जायचं कुठे? समोर!

समोरचे मूळचे नागपूरचे. प्लॅनिंगच्या ऑफिसात, कायमची जनरल शिफ्ट. संध्याकाळचा भोंगा झाला की पाव तासात माणूस घरी हजर. मूलबाळ नव्हतं. नवरा-बायको दोघंही मोठ्यानं बोलणारी, मोठ्यानं हसणारी. त्यांच्याकडे एक जुनी मोटारसायकल होती आणि दर रविवारी सकाळी ते ती अंगणात गोणपाटावर खोलून बसायचे. तरुणपणी म्हणे ते शर्यतीत उतरायचे. नागपूरकडे मातीच्या मैदानावर मोटारसायकलींच्या शर्यती व्हायच्या, त्यात एकदा तिसरे आले होते. तिसरे! तो कप त्यांच्या शोकेसमध्ये काचेच्या बाहुल्यांच्या मधोमध ठेवलेला होता. मी एकदा बायकोला म्हटलंसुद्धा, "तिघंच धावले असतील." ती म्हणाली, "तुम्ही धावला होतात का कधी?" विषय संपला.

तर हे रविवारी गाडी खोलून बसायचे आणि माझी मुलगी शेजारी उकिडवी बसून त्यांना नट-बोल्टांचे पाने द्यायची. वय वर्षं आठ. "काका, बारा-तेराचा हवाय की चौदा-पंधराचा?" नुसतं बोल्टच्या डोक्याकडे बघून सांगायची. हात कोपरापर्यंत काळे, फ्रॉकला ग्रीस. ते तिला "इंजिनीयर बाई" म्हणायचे. मी खिडकीत चहा पीत उभा. आत जाऊन झोपायचं असायचं, पण पाय हलायचे नाहीत.

माझ्याकडे स्कूटर होती. सकाळी ती एका अंगावर कलवल्याशिवाय सुरू व्हायची नाही. एकदा मी असाच तिला आडवी करून किका मारतोय, घामाघूम झालोय, तर पोरगी पायरीवरून म्हणाली, "बाबा, काका म्हणतात तुमचा कार्बोरेटर साफ करायला झालाय."

"काकांना म्हणावं, तुमचं डोकं साफ करायला झालंय."

मी हे बोललो. आठ वर्षांच्या पोरीला. तिनं दप्तर उचललं, आणि दोन दिवसांनी समोरच्यांनीच हसत हसत माझ्या स्कूटरचा कार्बोरेटर काढून पेट्रोलनं धुऊन दिला. स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती त्या दिवशी.

त्याच हिवाळ्यात ते संग्रहालयाचं प्रकरण झालं.

अरेरा कॉलनीत, बिट्टन मार्केटच्या थोडं पुढे, कुणा हौशी माणसानं बंगल्याच्या मागच्या मोठ्या शेडमध्ये शर्यतीच्या जुन्या गाड्या जमवून ठेवल्या होत्या. मोटारसायकली, रॅलीच्या जीपा, एक बिनछपराची बुटकी मोटार. फक्त रविवारी ते लोकांना बघायला खुलं असायचं. समोरचे तिकडे अधूनमधून जायचे हे मला माहीत होतं. एका संध्याकाळी ते आमच्या फाटकाशी आले.

"भाऊ, पोरीला तिकडे घेऊन जायचं म्हणून राहिलो. या रविवारी मी नागपूरला जाऊन राहिलो, जरा काम आहे. पुढच्या रविवारी जाऊ सगळे. वहिनींना पण घ्या. सुट्टी तेवढी जुळवून ठेवजा."

"बघू," मी म्हटलं.

पोरगी मागे उभी राहून टाचा उचलून उड्या मारत होती. "बाबा, तिथे खरी रेसची गाडी आहे! बाबा, काका सगळं दाखवणार आहेत!"

काका दाखवणार. आणि मी? मी मागून पिशव्या धरून चालणार. त्या आठवड्यात केबिनमध्ये बसून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी डोळे विस्फारून बघावं आणि तेव्हा तिचा हात माझ्या हातात असावा, एवढंच मला हवं होतं. एकदा! मग न्या तिला खुशाल कुठेही. आणि गुरुवारी माझ्या लक्षात आलं, या रविवारी तर हे महाशय नागपूरला आहेत.

रविवारी माझी फर्स्ट शिफ्ट होती. शॉपमधल्या एका सहकाऱ्याशी मी ती बदलून घेतली आणि त्या बदल्यात त्याच्या दोन नाइट अंगावर घेतल्या. तो म्हणाला, "सौदा वाईट आहे हं तुझा." मी म्हटलं, "माझं मी बघतो." बायको त्या दिवशी बहिणीकडे अशोका गार्डनला हळदीकुंकवाला जाणार होती. सगळं कसं जमून आलं.

सकाळी बायकोला रिक्षात बसवून दिल्यावर मी पोरीला म्हटलं, "चल, तुला त्या गाड्या दाखवून आणतो."

तिचा चेहरा आधी फुलला आणि मग गोंधळला. "पण काका तर पुढच्या रविवारी..."

इथे मी थांबायला हवं होतं. "त्यांच्याबरोबर परत जाऊ" असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण जीभ सुटली. "काकाच म्हणाले मला. मला काही आता जमायचं नाही, तुम्हीच दाखवून आणा, म्हणाले."

"असं म्हणाले?"

"हो."

तिनं खाली बघितलं. तिला वाईट वाटलं हे मला दिसलं. आणि खरं सांगतो, बरं वाटलं मला. काका म्हणजे काही देव नव्हे, तेही शब्द मोडतात, हे कळू दे हिला. इतका खाली गेलो होतो मी त्या सकाळी.

ती स्कूटरवर पुढे उभी, दोन्ही हात हँडलवर. चेतक पुलावरून बोर्ड ऑफिसचा चौराहा, तिथून बिट्टन मार्केट. वाऱ्यानं तिच्या वेण्या माझ्या तोंडावर आपटत होत्या. मी उगाच हॉर्न वाजवत होतो. फार म्हणजे फार खुशीत होतो.

शेडच्या दारातच एक टेबल, त्यावर रजिस्टर, आणि टेबलामागे एक म्हातारा मिस्त्री. पांढरी दाढी, कोपराशी विरलेला स्वेटर. अस्सल भोपाळी. "आओ खाँ, नाम लिख दो," म्हणाला. मी पेन उचललं आणि लिहिलं. नाव, टोकन नंबर, विभाग, क्वार्टरचा टाइप, क्वार्टर नंबर. रजिस्टरमध्ये रकाने दोनच होते, नाव आणि तारीख. पण टाउनशिपच्या माणसाला रजिस्टर दिसलं की हात आपोआप चालतो. दवाखान्यात, वाचनालयात, सोसायटीच्या दुकानात, कम्युनिटी हॉलच्या खुर्च्या आणायला गेलं तरी, क्वार्टर नंबर लिहिल्याशिवाय आम्ही माणसातच नाही. माझं लिहिणं शेजारच्या रकान्यात घुसून पार समासापर्यंत गेलं. म्हाताऱ्यानं चष्मा वर करून ते बघितलं. मी आत गेलो.

आत अंधूक उजेड होता आणि जुन्या तेलाचा वास. भिंतींवर फोटो, खिळ्यांना टांगलेली हेल्मेटं, कातडी हातमोजे, एका कपाटात कपच कप. मोटारसायकली एका रांगेत, पुढे बांधलेली दोरी. पोरीनं माझा हात घट्ट धरला होता. धरला होता हो! मी ठरवून तिला एकेक दाखवू लागलो. एका मळकट मोटारसायकलीपाशी थांबून म्हटलं, "ही बघ बिचारी. हिचा पुढचा ब्रेकच कुणीतरी काढून नेलाय."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "नाही बाबा. मातीवरच्या शर्यतीतल्या काही गाड्यांना पुढचा ब्रेक नसतोच. वळणावर पुढचं चाक अडकलं तर पडायला होतं."

"कुणी सांगितलं?" मी विचारलं. विचारायची गरज होती का?

पुढेही तसंच. टायरांवरच्या गाठी कशाला असतात, जीपच्या आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा का असतो, सगळं तिला ठाऊक. मी काहीतरी ठोकून द्यायचो आणि ती मला सांभाळून घेत, दुखावणार नाही अशा बेतानं दुरुस्त करायची. संग्रहालय मी दाखवत नव्हतोच. नागपूरला बसलेला माणूस तिथून मला दाखवत होता. मी दातओठ खात बिनछपराच्या बुटक्या मोटारीकडे निघालो. निदान तिच्याबद्दल तरी त्यानं काही शिकवलेलं नसावं.

तेवढ्यात म्हातारा रजिस्टर हातात घेऊनच आत आला. "को खाँ, आप तो उनके सामनेवाले निकले!" त्यानं क्वार्टर नंबरावर बोट ठेवलं होतं. समोरच्यांचं नाव घेऊन म्हणाला, त्यांचा नंबर माझ्या तोंडपाठ आहे, त्यांना निरोपाची चिठ्ठी मीच पाठवतो, आणि समोरासमोरच्या क्वार्टर्सचे नंबर लागोपाठचे असतात. मग पोरीकडे वाकून बघत म्हणाला, "और ये वही बिटिया है? पानेवाली?"

ती लाजली.

"पर आप लोग तो अगले इतवार आनेवाले थे ना?"

मी काहीतरी पुटपुटलो. म्हाताऱ्याला तेवढ्यानं काही थांबायचं नव्हतं. त्यानं आम्हाला कोपऱ्यात नेलं. तिथे ताडपत्रीखाली एक काळी मोटारसायकल होती, इंजिन अर्धवट उघडलेलं. कितीतरी वर्षं बंद पडलेली होती, म्हणाला. समोरचे दोन महिने दर शनिवारी ऑफिस सुटल्यावर येऊन तिच्यावर खपत होते. एक पार्ट काही केल्या इथे मिळेना. तो आणायलाच आज नागपूरला गेलेत, त्यांच्या कुणा जुन्या मित्राकडे. "कह के गए हैं, बिटिया के सामने ही चालू करूँगा. एक्सीलेटर भी वही घुमाएगी."

पोरीनं माझ्याकडे बघितलं.

आठ वर्षांचं मूल म्हणजे काही बाळ नव्हे. काका म्हणाले मला जमायचं नाही, असं सकाळी बाबा म्हणाले. आणि काका तर तिच्यासाठी नागपूरला गेलेत. तिच्या चेहऱ्यावर हे सगळं जुळताना मला दिसलं. मी तिची नजर टाळून ताडपत्रीची दोरी बघत राहिलो. वाटलं, आता ही विचारणार, बाबा, तुम्ही खोटं का बोललात? या परक्या माणसासमोर विचारणार.

ती बोलली, पण माझ्याशी नाही. म्हाताऱ्याच्या स्वेटरची बाही ओढून म्हणाली, "अंकल, काका को मत बताना कि हम आए थे."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्याकडे. मग नुसतं "ठीक है बिटिया," म्हणाला आणि ताडपत्री परत नीट ओढून घेतली.

परतताना मी बिट्टन मार्केटला थांबलो आणि तिला शेंगदाणे घेऊन दिले. ते तिनं हातातच धरून ठेवले. भाजीवाल्यांच्या ओरडण्यात आम्ही दोघं स्कूटरला टेकून उभे.

"बाबा, पुढच्या रविवारी मी पहिल्यांदाच बघतेय असं करीन. तुम्ही पण करा."

"का गं?"

"काकांना वाईट वाटेल ना. आणि मग ते तुमच्याशी बोलणार नाहीत."

एवढ्या लाजेतही माझ्या मनानं काय पकडलं असेल? तर पहिलं नाव काकांचं आलं. आधी त्यांचं वाईट वाटणं आणि मग मी! तोंडात मारून घ्यावंसं वाटलं, पण विचार आला तो आलाच. मी म्हटलं, "बरं."

"आईला पण नको सांगायला."

"बरं."

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत. समोरचे सोमवारी परत आले ते हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन, लग्नघरी शोभेल असा चेहरा करून. "भाऊ, रविवारचं लक्षात आहे ना?" मला रस्त्यात तीनदा विचारलं. पोरगी त्यांच्या अंगणात जात होती, हसत होती, पाने देत होती. तिच्यात काडीचा फरक नाही. मीच त्यांच्या मोटारसायकलचा आवाज आला की मोरीत जाऊन हातपाय धुवायचो.

रविवार आला. समोरचे आणि त्यांची बायको मोटारसायकलवर. ते माझ्या मुलीला म्हणाले, "चल इंजिनीयर बाई, पुढे बस." मी मनात म्हटलं, झालं, गेली. पण ती म्हणाली, "नाही काका, मी बाबांच्या स्कूटरवर येते." माझी छाती फुगली! चेतक पूल येईपर्यंत फुगलेलीच होती. बायको मागे पदर सावरत बसलेली. पोरगी पुढून मान वळवून माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, रजिस्टर मी लिहीन. तुम्ही हात लावू नका."

तिला हे मला बजावायचं होतं. म्हणून ती माझ्या स्कूटरवर आली होती.

आम्ही पोचलो. तिनं उडी मारली आणि धावत जाऊन टेबलावरचं पेन पटकावलं. "काका, मी लिहिते सगळ्यांची नावं!" डाव्या हाताचं कोपर पानावर आडवं टाकून, जीभ बाहेर काढून लिहीत बसली. त्या कोपराखाली माझी समासापर्यंत गेलेली ओळ होती. समोरचे कौतुकानं म्हणाले, "अक्षर पाहा पोरीचं." लिहून झाल्यावर तिनं रजिस्टर मिटून म्हाताऱ्याच्या हातात दिलं.

"पहली बार आई हो, बिटिया?" म्हाताऱ्यानं विचारलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही.

"हाँ अंकल."

मी माझ्या चपलेचा अंगठा नीट करत होतो.

आत गेल्यावर तिनं जे काही केलं ते मी आजही विसरलो नाही. दारातच थबकली. तोंडाचा आ केला. "अय्या, काका! इतक्या गाड्या!" मळकट मोटारसायकलीपाशी गेली आणि डोळे मोठे करून म्हणाली, "काका, हिला पुढचा ब्रेक का नाही?" आणि काका लागले सांगायला. दोन्ही हातांनी वळण दाखवून, कमरेत झुकून, पाय जमिनीवर घासून. ती मान हलवत ऐकत होती, मधेच "मग?" विचारत होती. त्या माणसाच्या आनंदाला पारावार नव्हता. माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, पाहा ना कशी पाहून राहिली! असं पाहणारं पोरगं पाहिजे."

मला काय व्हायला हवं होतं? हायसं वाटायला हवं होतं. पण मी जळत होतो. ती त्यांच्याकडे बघत होती म्हणून नव्हे. तिला हे इतकं छान जमतं, म्हणून. मला वाटलं, मग घरी कसं आहे? मी नाइटहून येतो तेव्हा "आलात बाबा?" म्हणून जे हसते, ते कुठलं? मागच्या रविवारी मी ब्रेकबद्दल अकलेचे तारे तोडले तेव्हा ती आधी गप्प राहिली होती ती का? माझ्यासाठी ही पोरगी रोज किती सांभाळून घेत असेल? मी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होतो आणि मला काहीच ओळखता येत नव्हतं. शॉपमध्ये पन्नास फुटांवरून माणसाचं बोट हललेलं मला कळायचं.

शेवटी कोपऱ्यातली ताडपत्री निघाली. काळी मोटारसायकल आता चकचकीत पुसलेली. पोरीनं दोन्ही हात तोंडावर नेले. समोरचे एकदम गंभीर झाले, शर्टाच्या बाह्या वर केल्या. पहिली किक, काही नाही. दुसरी, एक खोकला. समोरच्या काकू म्हणाल्या, "हळू जी, पाय मुरगळेल." पाचव्या की सहाव्या किकला जो आवाज झाला! पत्र्याची शेड नुसती थरथरली. कपाटातले कप खणखणले, निळा धूर, माझ्या बायकोनं आणि काकूंनी कानात बोटं घातली. म्हातारा हात वर करून काहीतरी ओरडत होता, एक अक्षर ऐकू येत नव्हतं. समोरच्यांनी पोरीला सीटवर बसवलं आणि तिचा हात एक्सीलेटरवर ठेवून वर आपला हात ठेवला. तिनं मूठ पिळली. आवाज आणखी वर गेला. समोरच्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, धुरानं म्हणा नाहीतर कशानंही. ते गाडीकडे बघतच नव्हते, तिच्याकडे बघत होते. घरी ती झोपलेली असताना मी तिच्याकडे बघायचो ना, तसे.

मग तिनं हात सोडवून घेतला, सीटवरून उतरली आणि धावत माझ्याकडे आली. माझी कॉलर धरून मला खाली ओढलं. तोंड माझ्या कानाला लावलं. त्या गदारोळात तिला जीव खाऊन ओरडावं लागलं.

"बाबा, नीट करतेय ना मी?"

मी मान हलवली. "हो" म्हणालोही असेन, पण ते मलाच ऐकू आलं नाही. तिला मात्र कळलं. ती हसली, माझी कॉलर सोडली आणि काकांकडे पळत गेली.